बाण माणसानं काढला

बाबा, तुम्ही मला भर वर्गात शून्य दिलंत, त्या दिवसाबद्दल लिहायचं आहे. कामठीच्या कॉलेजात तुम्ही आमच्या बारावीला भौतिकशास्त्र शिकवायचात. आपण एकाच बसनं जायचो, पण फाटकातून आत शिरलं की मी तुमची मुलगी नसायचे. चाचणीत तारेभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा विचारली होती. उजवा अंगठा विजेच्या दिशेनं धरायचा, बोटं वळतात तिकडे क्षेत्र. मी डावखुरी. माझा डावाच हात पुढे आला आणि सगळे बाण उलटे निघाले. तुम्ही पेपर उंच धरून म्हणालात, "अभ्यास आहे, हात चुकला." वर्ग हसला. परतताना मी तुमच्या शेजारी बसले नाही.

घरी आई कणीक मळते आहे. तुम्ही शर्टही न बदलता स्वयंपाकघरात येता. पोळ्या गुंडाळायच्या चंदेरी कागदाच्या दोन लांब पट्ट्या कापून शेजारी-शेजारी टांगता, आणि दोन्हींतून एकाच दिशेनं वीज जाईल अशी जुन्या स्कूटरची बॅटरी क्षणभर जोडता. पट्ट्या थरथरून एकमेकींकडे ओढल्या जातात.

"काहून रुसून राहिली वं? आता तुझ्याच हातानं सांग."

मी डाव्या हातानं क्षेत्राचा बाण काढला. त्या क्षेत्रात दुसरी पट्टी कुठे ढकलली जाईल, यासाठी पुस्तकात डावा हात सांगितलेला. तुम्ही मला तिथे उजवा घ्यायला लावलात. उत्तर आलं, पहिल्या पट्टीकडे. मग दोन्ही हात पुस्तकाप्रमाणे घेतले. मधला क्षेत्राचा बाण उलटा झाला, उत्तर तेच राहिलं.

"पट्टीले काय मालूम, तू कोणता हात लावला?"

"मग मले शून्य काहून दिलं?"

"बाण माणसानं काढला वं. उलटाही काढता आला असता. पण साऱ्यांनी मिळून एक ठरवल्यावर तुझं एकटीचं कोणाले समजणार?"

आई म्हणाली, "दोन मार्क दिले असते तर काय बिघडत होतं?" तुम्ही हसलात. मार्क काही वाढले नाहीत. वर्गातही तुम्ही त्यावर अवाक्षर काढलं नाहीत, आणि ते मला पुढे बरेच दिवस लागून राहिलं.

तुम्ही गेलात, त्यानंतर माझं लग्न झालं. मौद्याला सासरी पहिल्याच पंगतीत सासूबाई हळूच म्हणाल्या, "डाव्यानं नोको जेवू वं, बरं नाही दिसत." मी वाद घातला नाही. भूक तीच आहे, हात तेवढा लोकांनी ठरवलेला, असं मनाशी म्हणत उजव्या हातानं घास घ्यायला शिकले. भात सांडायचा. हे समोर बसून न पाहिल्यासारखं करायचे.

सासूबाई गेल्या. हेही गेले. मुलगी दूर देशी असते. मी नंदनवन वस्तीतल्या आपल्या जुन्या घरी परत आले आहे, आणि आता ताटासमोर कोणी बसत नाही. कोणत्याही हातानं जेवलं तरी चालतं. परवा डाव्या हातानं घास घेतला. किती सहज आला! तोंडापर्यंत नेला आणि एकाएकी घर इतकं रिकामं वाटलं की तो तसाच ताटात ठेवला, हात धुतला आणि उजव्या हातानं जेवले.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. मुलीचा फोन आला तेव्हा तिला जेवण झालं एवढंच सांगितलं.