डेटा संपला की मॅडम थांबतात

सोम. ३ फेब्रु.
आजपण तेच. चारला मॅडमचा व्हिडिओ कॉल लागला आणि दहाव्या मिनिटाला त्यांचं तोंड उघडं राहिलं ते तसंच. डेटा संपला. मॅडम पुण्याच्या. गेलेलं बोलणं परत शिकवतात. सोम-बुध-शुक्र, अर्धा तास.
ह्यांना झटका येऊन पाच महिने झाले. हातपाय पुष्कळ सुधारले, बोलणं गेलं ते गेलंच. बावीस वर्षं इंदापूरच्या बाजारात डाळिंबाचे लिलाव पुकारले ह्या माणसानं. आता पाणी पाहिजे तरी बोट दाखवतात.
डेटा कुठं जातो ते मला माहितीये. घरात फोन एकच. सकाळपासून हे त्यावर कुठकुठल्या बाजारांचे लिलाव बघत बसतात. वायरचं नेट कळस गावात येऊन थांबलंय, आमच्या वस्तीवर नाही.

मंगळ. ४
फोन कपाटात ठेवला. हे दिवसभर कपाटाकडं बघत. जेवले नीट नाहीत. दोडक्याची तोडणी राहिली ती राहिलीच.

बुध. ५
कॉल पुरा झाला. उपयोग शून्य. मॅडम कप दाखवतायत, "काका, हे काय आहे?" ह्यांनी मान फिरवली. माझ्यावरचा राग मॅडमवर.

शुक्र. ७
फोन परत दिला. बघवेना. एक वाजता डेटा संपला. जादा डेटाचं रिचार्ज मारलं, तेही चारपर्यंत पुरलं नाही. संभाजीभाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, आले होते.
"वहिनी, व्हीपीएन टाका की. आमच्याकडची सगळी पोरं तेच वापरत्यात."
"त्यानं काय हुतं?"
"तुमी काय बघताय ते कंपनीला दिसतच न्हाय. दिसलंच न्हाय तर कापणार कशातनं?"
पटलं. पटवून घेतलं म्हणू. फोनच्या वरच्या कोपऱ्यात व्हीपीएनची छोटी किल्ली आली.

शनि. ८
सकाळी भाऊजी ह्यांना तपासणीला बारामतीला घेऊन गेले, दुपार टळल्यावर आले. फोन माझ्याजवळ होता. संध्याकाळी बघते तर डेटा शिल्लक! भाऊजींना साखर जास्त घालून चहा दिला.

सोम. १०
बाराच्या आतच संपला. कॉल झालाच नाही. भाऊजी म्हणाले, "हे ॲप जुनं झालं आसंल, दुसरं टाकू." दुसरं टाकलं. फोटो बघू का, नंबर बघू का, विचारत होतं. सगळ्याला हो हो दाबलं. कंटाळा आलाय नुसता.

बुध. १२
कॉल लागला, पण आवाज विहिरीतून आल्यासारखा. मॅडमनी विचारलं, "काकू, फोनमध्ये नवीन काही टाकलंय का?" लाज वाटली. नाही म्हणाले.
मग पिंपळीला पल्लवीला फोन लावला. लेक आहे, पण बोलते सासूसारखी.
"आई, पाट दुसऱ्याच्या रानातनं फिरवून आणला म्हणून पाणी कमी लागतं व्हय? मोजणारा आपल्या दारातच बसलाय. उलट वाटंत मुरतंय ते येगळंच."
"मग शनिवारी उरला तो?"
"शनिवारी आबा बारामतीला हुते. फोन बघितला कुणी?"
आठवून बघितलं. कुणीच नाही.
"आन् फुकटचं ॲप कुणाचं, कुठलं, म्हायती न्हाय. समदं त्यांच्या हातनं जातंय. काढ ते आधी."
आमच्या घरातलं हे अडखळणं कुण्या परक्याच्या हातून जात होतं म्हणायचं. काढलं. दोन्ही काढली.

शुक्र. १४
आजचं नीट लिहिते.
डेटा वाचवायला फोन सकाळपासून माझ्या कमरेला. कॉल लागला. कप, ताट, पाणी, काही नाही. माझाच धीर सुटला. मॅडमना सगळं सांगून टाकलं, व्हीपीएनचं, कपाटाचं. "दिवसभर लिलाव बघतात हो, त्यातच सगळं जातं."
मॅडम म्हणाल्या, "बघताना ओठ हलतात का त्यांचे?"
मला ठाऊक नाही. कधी बघितलंच नाही. फोन हिसकावण्यापुरतीच जवळ जायचे.
भाऊजी आलेले होते, त्यांच्या फोनवर एक लिलाव लावला. ह्यांचे ओठ हलत होते. फोनवरच्या पुकाऱ्यात ऐंशी गेलं. आणि पुढं ह्यांच्या गळ्यातून, घोगरं पण स्वच्छ, "पंच्याऐंशी." मग "नव्वद."
भाऊजी खाली बसले.
मॅडम म्हणाल्या, "बंद करू नका हे काकू. ठेक्यातलं बोलणं कधीकधी आधी येतं. इथूनच वाट काढू."
आणि मी नेमकं तेच कपाटात कोंडत होते. भाकरी करताना रडले. धूर नव्हता, गॅस आहे.

रवि. १६
पल्लवी आली. तिच्या घरच्या वायफायवर खूप लिलाव उतरवून कार्डात भरून आणले. आता डेटाचा प्रश्नच नाही. त्यात एक ह्यांचा स्वतःचा होता, कुणीतरी दोन वर्षांपूर्वी काढलेला. क्रेटवर उभे, हात वर, आवाज सगळ्या शेडमध्ये. ह्यांनी पुरता ऐकला. फोन पालथा घातला.
त्यानंतर एकही लावू देत नाहीत.

सोम. १७
पालथाच. मॅडम म्हणतात रोज पुढं जाणार नाही, सवड द्या. देते. दुसरं काय आहे माझ्याकडं.

गुरु. २०
सकाळी विचारलं, "बाजारात जायचं का?" अर्ध्या तासानं बघते, एका हातानं शर्टाची बटणं लावतायत. वरखाली लागली होती. तशीच राहू दिली.
शेडमध्ये पाऊल ठेवलं आणि लिलाव थांबला. ह्यांच्या जागी आता नामदेव पुकारतो. तो क्रेटवरून उतरला, ह्यांचे पाय धरले. "आबा, तुमच्याबिगर मजा न्हाय." हे खाली बघत राहिले. मला वाटलं, चुकलं माझं, उगाच आणलं.
परत पुकारा सुरू झाला. गर्दी पुढं सरकली, आम्ही मागं राहिलो. ह्यांनी माझा खांदा धरला. घट्ट. लिलाव रंगात आला, टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय, आणि हे माझ्याकडं तोंड करून काहीतरी बोलले.
"काय म्हणालात?"
बघत राहिले.
"पुन्हा एकदा म्हणा की. ऐकलं न्हाय ओ मी."
पुन्हा काही बोलले नाहीत. रिक्षात दोनदा विचारलं. घरी येऊन एकदा. आता झोपलेत.
आकडा नव्हता, एवढं नक्की. आकड्यापेक्षा लांब होतं.