निळ्या काठाचा वाडगा

६ फेब्रुवारी

लागली! नोकरी लागली एकदाची. आई सकाळपासून शेजारच्या काकूंना सांगतेय की आमची मुलगी आता ताटल्या-वाट्या मांडायचं काम करते, आणि काकूंचा चेहरा सांगतोय की मी कुठल्यातरी खानावळीत लागले. समजावून थकले. खाण्याचे फोटो काढतात, त्यात ताटली कुठली, चमचा कुठला, खाली कापड कसलं हे ठरवायला एक माणूस लागतं, ते माणूस म्हणजे मी. आई म्हणाली, म्हणजे खानावळच झाली की, फक्त जेवायला कुणी नाही.

स्टुडिओ एका बंद पडलेल्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. उत्तरेला मोठी खिडकी, दिवसभर मऊ उजेड. आम्ही तिघंच: फोटो काढणाऱ्या मॅडम, रांधणारे आचारीकाका आणि मी. शिवाय एक भिंतभर फडताळ, त्याला छोटे छोटे खण, आणि प्रत्येक खणात एकच वस्तू. ताटली, मग, वाडगा, सुरी. एकही नवी नाही. वापरून वापरून चमक गेलेले चमचे, ज्यांत दिव्याचं प्रतिबिंबच पडत नाही. असल्या चमच्यांसाठी आधीच्या जागी मी भंगारवाल्याच्या पाया पडायचे. इथे नुसतं हात घालून उचलायचे!

९ फेब्रुवारी

आज पहिलं काम, भाजलेले बटाटे. आधीच्या जागी आम्ही शुद्ध फसवणूक करायचो. बटाट्याला ब्रशने तेल, खाली पुठ्ठा, आइस्क्रीम म्हणून कुस्करलेला बटाटाच. इथे यातलं काही नाही. प्रकाश जुळवेपर्यंत समोर एक साधी खोटी ताटली ठेवायची, आणि शेवटच्या क्षणी फडताळातली खरी. मॅडमचा एकच हट्ट: फोटो पाहून वाटलं पाहिजे की कुणीतरी नुकतंच ताटावरून उठलंय.

मी पोटभर जेवून बसले होते, तरी पडद्यावर फोटो आला आणि कडकडून भूक लागली. हसूच आलं. काकांना म्हटलं, तुमच्या हाताला चव आहे हो. ते कढई घासायला लागले. मीठ मात्र मलाच चाखायला लावतात, दर वेळी. स्वतः घड्याळ बघून चार घास गिळतात, औषध घेतल्यासारखे.

१३ फेब्रुवारी

मॅडमनी एका म्हाताऱ्या घड्याळजींकडे त्यांचा चहाचा मग आणायला पाठवलं. मिशीला बिस्किटाचा चुरा लागलेला, गप्पिष्ट, मलाही दोन बिस्किटं चहात बुडवून खायला लावली. मगाचं काय करणार म्हणून त्यांनी विचारलं, फोटो म्हटल्यावर खूश. पैसेही घेईनात.

परत आले तर मॅडमना मग बघण्याआधी जाणून घ्यायचं होतं की तो रोज यातूनच पितो ना, आणि त्याने आपल्या हाताने दिला ना. मला जरा चमत्कारिक वाटलं. आम्ही मगात तडे बघतो, रंग बघतो. पिणाऱ्याची चौकशी कोण करतं?

१७ फेब्रुवारी

सुपाचा फोटो. एका जाड पुस्तकाचं मुखपृष्ठ, माझं नाव आत छापणार! फडताळातला एकही वाडगा चालेना. एक फार खोल, एक फार पांढरा, सूप आजारी दिसायचं. आणि मला एकदम आईचा वाडगा आठवला. मळकट पांढरा, निळा काठ, मी लहानपणी आपटल्यामुळे एका जागी टवका उडालेला. आई भात त्यातच खाते, दही त्यातच, आणि शेवटी बोट फिरवून तो असा लख्ख करते की धुवायची गरज उरत नाही.

काका ऐकत होते. घरातलं काही आणू नकोस, एवढंच म्हणाले. फुटेल म्हणून म्हणत असतील असं मी समजले.

आईने वाडगा स्वतः पुसून कागदात गुंडाळून दिला. काकूंना दाखवायला फोटो आण म्हणाली. फोटो असा झालाय की मला पडद्यासमोरून हलवेना. पुस्तकाचं काम आहे, काही दिवस वाडगा राहू दे, असं मॅडम म्हणाल्या.

२१ फेब्रुवारी

आईने ताटात टाकलं. माझ्या आईने! लग्नाच्या पंगतीतून तिला उठवावं लागतं. तोंडाला चव नाही म्हणे. काल सूप केलं तर त्याकडे असं बघत बसली, जसं कुणी तिच्यापुढे लाकूड वाढलंय. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे.

२५ फेब्रुवारी

घड्याळजींकडे मगाखालची बशी आणायला गेले. सूनबाईने दार उघडलं आणि आत नेलं. घड्याळजी अंथरुणात, इतके वाळलेले की मी ओळखलंच नाही त्यांना. उशाशी बिस्किटांचा डबा भरलेला. दुखत काहीच नाही, फक्त खावंसं वाटत नाही, असं हसून सांगत होते. सूनबाई पदराने डोळे पुसत होती. कधीपासून, विचारलं. तू तो चहाचा मग नेलास ना, त्याच आठवड्यात, म्हणाली. तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

मी जिना कशी उतरले ठाऊक नाही.

आता आठवतंय. जेवून बसले होते तरी फोटो बघून भूक लागायची. ती भूक येत कुठून होती?

२६ फेब्रुवारी

काकांना गाठलं. त्यांनी वरच्या खणाकडे बोट दाखवलं. लाकडी डाव. त्यांचा. पूर्वी त्यातूनच चाखायचे, त्यातूनच खायचे. ते घड्याळ लावून गिळतात म्हणून टिकलेत. म्हाताऱ्या माणसांना तेवढा जोर नसतो म्हणाले.

मॅडमच्या समोरून मी आईचा वाडगा उचलला. त्यांनी अडवलं नाही. फक्त म्हणाल्या, खण रिकामा ठेवून चालत नाही.

२७ फेब्रुवारी

वाडग्यात भात कालवून दिला. आईने माझ्यासाठी तोंडात घेतला आणि गिळताना रडली.

मी चिडून दुकानातून नवा वाडगा आणून खणात ठेवला. तासाभराने तो खाली, दोन तुकडे. कुणी हात लावला नव्हता.

काका म्हणाले, त्या जागी दुसऱ्या कुणाचं तरी रोजचं भांडं हवं, मनाने दिलेलं, आणि त्याचा फोटो व्हायला हवा. तरच आधीचं माणूस सुटतं. मग तुम्ही का नाही सुटलात, विचारलं. म्हणाले, माझ्या जागी कुणाचं ठेवू?

१ मार्च

माझी ताटली नेली. हिरव्या फुलांची. शाळेपासूनची.

मांडणी मीच केली. कशासाठी मांडतेय ते ठाऊक होतं, तरी चमचा कुठे ठेवायचा ते बरोबर कळलं. याची लाज वाटते.

मॅडमनी फोटो काढला.

२ मार्च

आई जेवली! दोनदा वाढून घेतलं. वाडग्यात बोट फिरवलं. मी स्वयंपाकघरात तोंड फिरवून रडले.

तिने विचारलं, तू? म्हटलं, बाहेर खाऊन आले.

४ मार्च

सफरचंद चावलं. ओला कागद. घड्याळ लावते — चार घास — दोनच जातात.

कामावर जात नाही. फडताळ डोळ्यांपुढून —

५ मार्च

आईने विचारलं, स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची तुझी ताटली कुठे आहे. फुटली म्हटलं. तुकडे कुठे, विचारलं. मला खोटं बोलता येत नाही, तिच्याशी तर नाहीच. उठून बसवेना, सगळं सांगून टाकलं.

ती ओरडली नाही. स्टुडिओचा पत्ता तेवढा विचारला. मी सांगितला नाही. पण पगाराच्या पाकिटावर —

नाही. तिला गुडघ्यांमुळे जिने चढवत नाहीत.

६ मार्च

दुपार. भुकेने जाग आली. भुकेने! पोटात नुसता डोंब.

टेबलावर माझी ताटली. हिरवी फुलं. बटाटे, पाव, वरून लोणी वितळतंय — वास — मी आधी खाल्लं, मग पाहिलं.

मांडणीवर निळ्या काठाचा वाडगा नाही.

आई समोर बसलीय. गुडघे चोळतेय. तिच्यापुढे काहीच नाही. मी जेवून आले म्हणते, अगदी माझ्याच आवाजात. अजून घे म्हणते. किती बरं दिसतंय तुला खाताना, म्हणते.

मला उठायला हवं. स्टुडिओच्या खिडकीतला उजेड जाण्याआधी ताटली परत नेली तर — एका हाताने लिहितेय, दुसरा थांबत नाही — इतकी चव मला आयुष्यात कधी — ही माझी भूक नाही, एवढी माझी कधीच नव्हती, ही तिची —

आई बघतेय. बारीक झालीय का? आत्ताच?

उठते. नक्की उठते. आधी हा एक घास, एवढाच, मग