उपवास अक्काचा नव्हता

शुक्र., ७ फेब्रु.
आमच्या चर्चमधली रूथअक्का दवाखान्यात. शुद्धीवर आली. तिचे हात अजून थरथरताहेत.
अक्काचा मधुमेह बरा व्हावा म्हणून आज मंडळीने तिच्याच घरी उपवास-प्रार्थना ठेवली. सकाळपासून चटया, पेटी, गीतं. सगळ्यांचा उपवास, म्हणून गॅस कुणी पेटवलाच नाही. अक्काने रोजच्यासारखं सकाळीच इन्सुलिन टोचून घेतलं आणि कोपऱ्यात बसून राहिली. मी दुपारी शाळेतून थेट गेले तर घामाने चिंब, मान टाकलेली. भोवती बाया डोळे मिटून, पाळकांचा हात तिच्या डोक्यावर. त्यांना वाटलं, पवित्र आत्म्याने भरली! मीच तिच्या गालात साखर कोंबली, रिक्षा बोलावली. संताप संताप नुसता.

शनि., ८
अक्काला म्हटलं, बाई, एक बिस्कीट तरी खायचं.
"मनाकरता बठ्ठा लोके उपाशी बठेल व्हतात, मी एकली कशी खाऊ?"
डॉक्टर मात्र मलाच ओरडले, जणू उपवास मी ठेवला होता.

रवि., ९
पाळकांनी उपासनेत सांगितलं, अक्का प्रार्थनेने वाचली. टाळ्या. उठून बोलावंसं वाटलं, नाही उठले.
नंतर व्हरांड्यात गाठलं. म्हटलं, अक्का घरी एकटी असते, हात कापतात, दोन वेळा सुई आणि गरम जेवण लागणार. मंडळीत पाळ्या लावू.
"सुमनबाई, तारण विश्वासाने होतं, कृत्यांनी नाही. आपण तिच्यासाठी साखळी प्रार्थना लावू. चोवीस तास, एकामागून एक."
तारणाचं कोण विचारतंय, मी भाकरीचं विचारतेय! ते पौलाचं पत्र सांगत राहिले, मी याकोबाचं, की कृत्यांवाचून विश्वास मेलेला. हसून म्हणाले, "याकोब फार आवडतो तुम्हाला." साखळीला तिथल्या तिथे माणसं मिळाली. डब्याला एकही नाही.

बुध., १२
अक्का घरी. मुलगी मीना जळगावहून आली. तिचंही बरोबर आहे. "मावशी, तुमच्या चर्चकडून होणार नसेल तर स्पष्ट सांगा, मी आईला घेऊन जाते." म्हणजे तिसरा मजला, मीना दिवसभर कामावर, अक्का कोंडलेली. अक्काने भिंतीकडे तोंड फिरवलं. "मी धुळं सोडाव नही."
मी बोलून बसले, महिनाअखेरपर्यंत सकाळ-संध्याकाळ मी बघते. कुणी सांगितलं होतं? घरी आमच्या यांनी तर नाहीच, पाळकांचं नाव काढलं की हे पेपर तोंडासमोर धरतात.

सोम., १७
स्वयंपाक, सुई, शाळा, बाजार, परत सुई. पाठ गेली.
पाळकांचा फोन. "बाई, साखळीत तुमची संध्याकाळची वेळ चुकली." मला न विचारताच माझं नाव घातलेलं! त्या वेळी मी अक्काची मेथी निवडत होते. शिवी ओठांवर आली, गिळली.
पण खरं म्हणजे प्रार्थना मी हल्ली करतच नाही. डोळे मिटले की पाळकांशी भांडण सुरू. देव मध्ये कुठे येतच नाही. त्यांच्याकडे नुसता विश्वास, माझ्याकडे नुसते डबे. मग जिंकलं कोण?

गुरु., २०
आज फार घाई. पेपर तपासायचे, घरी पाहुणे. सुई दिली, कळणाची भाकरी आणि भाजी वाढली, चप्पल घालायला वळले. अक्का हात जोडून बसलेली. खाईना. रोज स्वतःच चार शब्द पुटपुटते आणि जेवते.
"काय झालं?"
"आज तू प्रार्थना कर."
म्हटलं, तू कर ना, मला उशीर होतोय.
"तू रोज सुई टोचस, ताट वाढस नि पळस. मनाजोडे बठत नही. कर. मी थांबस."
सुई दिलेली. थांबून चालणार नाही हे तिलाही माहीत, दवाखान्यातून आलीय आत्ताच! विनवलं. रागावले. ताट तिच्यापुढे सरकवलं. हात तसेच जोडलेले. पाठ असलेलं काहीतरी म्हणून टाकावं तर तेही आठवेना. तिच्यासमोर खाली बसले.
"प्रभू, ही माझं ऐकत नाही. तू तरी सांग हिला जेवायला. मी दमलेय रे."
"आमेन," अक्का म्हणाली, आणि भाकरी मोडली.
अर्धी मला दिली. बसून खाल्ली. बाहेर पडले तेव्हाही राग होताच, पाळकांवर, मंडळीवर, अक्कावरसुद्धा. रविवारी मीना येणार, महिनाअखेरीनंतरचं तिला काय सांगू अजून ठरलेलं नाही. उद्या सकाळी सुई आहे. अक्का पुन्हा हात जोडून थांबणार, आणि मी काय म्हणणार, मला माहीत नाही.