अडवण्याचा आवाज

आई, आज सकाळपासून मी एका माणसाचा हात सतरा वेळा मोडला. सेलरी नावाच्या परदेशी भाजीच्या चार-पाच कुरकुरीत दांड्या ओल्या टॉवेलात घट्ट गुंडाळायच्या, पडद्यावर त्याचं मनगट उलटं वळतं नेमक्या त्या क्षणी दोन्ही मुठींनी पिळायच्या, माईक अगदी जवळ. ठोशासाठी डुकराच्या मांसाचा मोठा तुकडा टेबलावर ठेवलेला असतो, त्यावर मी कातडी हातमोजा घालून मारते. नाक फुटायचं असेल तर अक्रोड. मार्केटमधला भाजीवाला मला विचारतो, "आंटी, घरी किती माणसं? रोज एवढी सेलरी?" मी म्हणते, "खायला नाही, मोडायला." तो हसतो. त्याला वाटतं मी विनोद करते.

तुला हे काहीच माहीत नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी सिंगापूरला आले तेव्हा तुला जाऊन सहा वर्षं झाली होती. इथे हार्बरफ्रंटजवळच्या एका इमारतीत, खिडकी नसलेल्या खोलीत मी सिनेमातल्या मारामाऱ्यांना आवाज देते. हे काम मला शिकवणारे अंकल सत्तरीकडे झुकलेले आहेत, तरुणपणी हाँगकाँगच्या स्टुडिओत होते. ते म्हणतात, "पूर्वी गोऱ्यांच्या सिनेमात एक ठोसा, एक माणूस आडवा, संपलं. मग यांनी हाँगकाँगहून मारामारीचे मास्टर लोक नेले, नटांना दोऱ्या बांधून उडवायला शिकले, लाथ पूर्ण दिसेपर्यंत कॅमेरा न हलवायला शिकले. सगळं शिकले. आवाजाला मात्र अजून आपल्याच दारात येतात, लाह." हे ते, इथल्या सगळ्यांसारखं वाक्याच्या शेवटी 'लाह' जोडत, महिन्यातून एकदा तरी सांगतात आणि मी दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं करते.

आत्ता हातात आहे तो सिनेमा अमेरिकन आहे. एक बाई, माझ्याच वयाची. नवरा स्वयंपाकघरात तव्यानं तिचं डोकं फोडायला येतो. ती डावा हात आडवा घालते, मनगट वळवते, एक पाय मागे घेते, आणि त्याचंच मनगट मोडतं. स्वयंपाकघर गोऱ्या बाईचं, फ्रिज कपाटाएवढा, पण उभं राहणं थेट आपल्या टॉकीजमधलं. मी पहिल्यांदा ते पाहिलं आणि हातातला टॉवेल खाली ठेवला.

तू त्या टॉकीजमध्ये बायकांच्या खिडकीवर तिकिटं द्यायचीस. रविवारी सकाळी चिनी मारामारीचा सिनेमा लागायचा. त्याला बायका येत नसत, तरी खिडकी उघडी ठेवायचा नियम होता. पिक्चर सुरू झाला की तू खिडकी लावून मला घेऊन मागच्या दाराच्या पडद्यापाशी उभी राहायचीस. पुढे माणसं शिट्ट्या मारत, खुर्च्यांवर चढत. तू मात्र एखादी बाई स्वेटरचा टाका बघते तसं बघायचीस. संवाद आपल्याला कळत नसत. घरी आल्यावर तू मला चप्पल द्यायचीस आणि म्हणायचीस, "मार मला." मी मारायचे, तू अडवायचीस. "जोरात मार गं, भात खाल्ला नाहीस का?" मी नऊ वर्षांची होते. मला तो खेळ वाटायचा. एकदा मी विचारलं, "तू उलटून कधी मारणार?" तू म्हणालीस, "मारायला कोण शिकतंय? मला फक्त थांबवायचंय."

थांबवायचं काय होतं ते मला माहीत होतं. बाबांचा हात सिनेमातल्यासारखा वाजत नसे. ओलं पोतं जमिनीवर टाकल्यासारखा, बसका, शेजारी जाणार नाही एवढाच आवाज. एकदा तुझा दात पिठाच्या परातीत पडला. तू तो वेचून वाटीत ठेवलास, लाल झालेलं पीठ चिमटीनं काढून टाकलंस आणि उरलेल्याच्या भाकरी थापल्यास. बाबांनी त्या खाल्ल्या. मीही खाल्ल्या.

आणि तो दिवस. बाबा दारातून आत येतात, हातात पितळी तांब्या. कशावरून, ते मला आता आठवत नाही, बहुधा तेव्हाही कळलं नव्हतं. तांब्या वर जातो. तू डावा हात आडवा घालतेस, मनगट वळवतेस, पाय मागे. बाबांचा हात तुझ्या हातावरून घसरतो आणि त्यांच्या सगळ्या वजनानिशी कडप्प्याच्या कडेवर आपटतो. आवाज अगदी छोटा होतो, हिरवी काडी वाकवताना मोडावी तेवढा. ते खाली बसतात. मनगट भलतीकडेच वळलेलं आहे, हाड कातडीला आतून टेकलंय. ते लहान मुलासारखे रडायला लागतात. तू तशीच उभी, हात अजून आडवा. दुसरा वार येईल म्हणून. तू त्यांना बोटही लावलेलं नाहीस.

संध्याकाळी मोठे काका आले, दोन्ही आत्या आल्या. बाबांचा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. बाबा म्हणत होते, ओट्यापाशी पाय घसरला. बायकोनं अडवलं हे सांगण्यापेक्षा त्यांना पडणं बरं वाटत होतं. तूही गप्प होतीस. गोष्ट तिथेच मिटली असती. काकांनी मला जवळ बोलावून सहज विचारलं, "काय गं, बाबा कसे पडले?"

मी सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, करून दाखवलं. सतरंजीच्या मधोमध उभी राहिले, हात आडवा, मनगट, पाय मागे, आणि तोंडानं सिनेमातला आवाज काढला. "आईनं असं केलं. ती टॉकीजमध्ये शिकली." धाकटी आत्या म्हणाली, "बघा, खिडकीवर बसून हेच धंदे." काका म्हणाले, "उद्यापासून ती खिडकी बंद."

खिडकी बंद झाली. प्लास्टर निघायच्या आधी बाबांना डावा हात वापरायची सवय झाली, आणि आता त्यांना ठाऊक होतं तू काय करशील. ते आधी तुझं मनगट धरायचे. तू मला कधी रागावली नाहीस. त्या रात्री अंथरुणं घालताना एवढंच म्हणालीस, "कशाला गं दाखवलंस?" मी एकोणीस वर्षांची असताना तू गेलीस, दुखणं वेगळंच होतं. तोवर आपण पुन्हा कधी चप्पल घेऊन खेळलो नाही.

तर या सिनेमात त्या नवऱ्याच्या मोडणाऱ्या हातासाठी मी छोटा आवाज केला. सेलरीची एकच दांडी, टॉवेल न भिजवता, आणि आधी बाहीची थोडी सळसळ. अंकलनी ऐकलं, डोळे मिटून पुन्हा ऐकलं. म्हणाले, "खरा आहे. पण दिग्दर्शक ओरडणार, लाह." दिग्दर्शक लॉस एंजेलिसहून कॉलवर आला. भला माणूस आहे, मुलांची चौकशी करतो. म्हणाला, "इथे लोकांनी उठून टाळ्या वाजवायला हव्यात. मला तो जुन्या चिनी सिनेमातला कडाड आवाज द्या, सगळ्यांना कळू दे तिनं काय केलंय." मी म्हटलं, "तिला ते कुणाला कळायला नकोय." त्यानं पुन्हा तेच मागितलं, जरा हळू, लहान मुलाला समजावतात तसं. मग मी सतरा वेळा मोठा आवाज केला. प्रत्येक वेळी जमला, हे काम मला येतं. त्यातला एकही पाठवला नाही. छोटाच पाठवला.

तासाभरात उत्तर आलं, तो प्रसंग ते तिकडेच कुणाकडून तरी करून घेतील. म्हणजे तो कडाड आवाज येणारच, टाळ्याही येतील. अंकल म्हणाले, "एका हातासाठी काम घालवलंस." मग त्यांनी माझ्यासाठी खालून कोपी आणली, इथली दाट गोड कॉफी.

हे मी तुला कुठे पाठवणार आहे? तरी एक गोष्ट लिहिते. नवऱ्याला, मुलीला, स्वतःलाही मी इतकी वर्षं सांगत आले की मी नऊ वर्षांची होते, तू जिंकलीस याचा मला अभिमान होता, मला काय कळत होतं. पण मी सतरंजीवर उभी होते तेव्हा तू काकांच्या मागे, स्वयंपाकघराच्या दारात होतीस. तू मान हलवून नको म्हणत होतीस. मी तुला पाहिलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला थांबायचं नव्हतं.