भावेशच्या कॉम्प्युटरमधली एक खूण

॥ श्री ॥

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
८ फेब्रुवारी २००९

चि. समृद्धीस, तुळशीराम घरत याचे अ. उ. आ. वि. वि.

आम्ही दोघं ठीक आहोत. तुझ्या रोह्याच्या शाळेत परीक्षांची धांदल सुरू झाली असेल. घसा सांभाळ, मुलांवर ओरडू नकोस, असं तुझ्या सासूबाईंनी लिहायला सांगितलंय. फोनच करणार होतो. पण तुझा आवाज कानावर पडला की चंद्रावती रिसीव्हर माझ्या हातात देऊन आत निघून जाते, आणि मग मलाही काही सुचत नाही. एसटीत कंट्रोलर होतो तेव्हापासून कागदावर माझं बरं चालतं.

काम भावेशच्या कॉम्प्युटरचं आहे. तुमच्या लग्नाची फिल्म आता फक्त त्यातच उरली आहे, सीडी तडकली ते तुला माहीत आहेच. उरणच्या रस्त्यावरच्या अपघातात भावेश गेला त्याला दोन वर्षं होत आली. फोटोनं चंद्रावतीचं भागत नाही, तिला त्याचा आवाज ऐकायचा असतो. रोज संध्याकाळी ती स्टूल ओढून पुढ्यात बसते. मशीन सुरू व्हायला एवढा वेळ घेतं की तोवर माझा चहा करून होतो. फिल्म लागली की दोन शब्द ऐकू येतात आणि चित्र अडकतं. आवाज तुटतो, त्याचं तोंड उघडंच राहतं, आणि ती ते तोंड बघत बसते. मला ते बघवत नाही.

स्टँडजवळच्या दुकानात नेलं होतं. दुकानवाला म्हणाला, काका, फॉरमॅट मारू, नव्यासारखा पळेल. सगळं पुसलं जाईल का असं विचारलं तर हो म्हणाला. मी तो डबा रिक्षात मांडीवर घेऊन घरी परत आणला. तुला यातलं कळतं. भावेश म्हणायचा, समृद्धीला कॉम्प्युटर मीच शिकवला. आम्हाला तेव्हाही ते खरं वाटलं नव्हतं.

सवडीनं लिही. आठवण ठेवतेस तशीच ठेव.

तुझे,
बाबा


॥ श्री ॥

रोहा
१५ फेब्रुवारी २००९

ती. स्व. बाबा व आईंना समृद्धीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. घसा आधीच बसलाय, सातवी ब च्या कृपेनं. आईंना सांगा, त्यांनी मागे सांगितल्याप्रमाणे ओवा चावतेय. आणि खरं सांगायचं तर कॉम्प्युटर त्याला मीच शिकवला.

तुम्ही फॉरमॅट मारू दिलं नाहीत ते फार बरं केलंत. मशीन बिघडलेलं नाही, बाबा. ते सुरू झालं की त्याबरोबर पुष्कळ प्रोग्रॅम आपोआप सुरू होतात. आपल्याला दिसत नाहीत, पण मागे चालू असतात आणि सगळी मेमरी खातात. डेपोत रिकाम्या गाड्या इंजिन चालू ठेवून फलाट अडवून उभ्या राहिल्या, तर भरलेली गाडी आत येणार कशी? तसंच आहे हे.

आधी कंट्रोल, आल्ट आणि डिलीट ही बटणं एकदम दाबा. कोण किती जागा खातंय ते दिसेल. तिथे नुसतं बघा, अनोळखी नावाला हात लावू नका. मग डाव्या कोपऱ्यातल्या स्टार्टमध्ये ‘रन’ असेल, तिथे इंग्रजीत एमएसकॉन्फिग असं सलग लिहा. जी खिडकी उघडेल तिच्यात स्टार्टअपवर जा. प्रत्येक नावापुढे बरोबरची खूण दिसेल. प्रिंटर आपण देऊन टाकला, त्याची काढा. गाण्यांची, खेळांची काढा. अँटिव्हायरसची मात्र राहू द्या. खूण काढल्यानं काही पुसलं जात नाही. ते आपोआप सुरू व्हायचं थांबतं, एवढंच. नको वाटलं तर खूण परत करता येते. शेवटी मशीन बंद करून चालू करा.

तुम्हाला जमेल. आईंना माझा नमस्कार. दोघांची माया असू द्या.

आपली,
समृद्धी


॥ श्री ॥

नवीन पनवेल
१ मार्च २००९

चि. समृद्धीस, अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र कीबोर्डला टेकवून ठेवलं आणि एकेक ओळ करत गेलो. प्रिंटर, गाणी, क्रिकेटचा खेळ, सगळ्यांच्या खुणा काढल्या. भावेशच्या मोबाइलचा एक प्रोग्रॅम होता. तो फोन अपघातात त्याच्याबरोबरच गेला, पण कॉम्प्युटर रोज सुरू झाला की ‘मोबाइल जोडा’ अशी पाटी दाखवायचा. मी ती रोज बंद करत होतो. आता येणार नाही.

फरक पडलाय. फिल्म आता हळदीपर्यंत नीट चालते, मग अडकते. सगळ्यात जास्त खातो तो गप्पांचा मेसेंजर. तो उघडतो तेव्हा भावेशचं नाव येतं आणि शेजारी हिरवा ठिपका लागतो. त्याची खूण काढायला गेलो तर चंद्रावतीनं माझा हात धरला. म्हणाली, त्याचा नाव येतंय तं येऊ दे, तेवढा एक राहिला तं काय बिघडत नाय. मी ठेवला.

आता लिहावं की नाही कळत नाही, पण तुझ्यापासून लपवणंही बरं नाही. परवा संध्याकाळी फिल्म चालू असताना मध्येच एक चौकोन उघडला. वर तुझं नाव. खाली इंग्रजी अक्षरांत मराठीत लिहिलेलं, ‘जेवलास का’. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. चंद्रावतीनं विचारलं, काय आलाय? वाचून दाखवलं. ती म्हणाली, उत्तर लिवा. मी विचारलं, कोणाच्या नावानं लिहू?

पोरी, तू बरी आहेस ना? दोन ओळी तरी पाठव.

तुझे,
बाबा


॥ श्री ॥

रोहा
९ मार्च २००९

ती. स्व. बाबा व आईंना शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला घाबरवलं, त्याबद्दल क्षमा करा. तो निरोप मीच लिहिला होता.

मी इथे आठवडाभर नोकरीला आणि तो पनवेलला, त्यामुळे संध्याकाळी आमच्या गप्पा त्या मेसेंजरवरच व्हायच्या. तो गेल्यावर एकदा इथे कॉम्प्युटर उघडला आणि त्याच्या नावापुढचा ठिपका हिरवा झाला. मी खुर्चीतून उठून मागे सरकले. मग लक्षात आलं, पनवेलला तुम्ही फिल्मसाठी कॉम्प्युटर लावला असणार आणि त्याबरोबर त्याचा मेसेंजर आपोआप सुरू झाला असणार. सगळं कळत होतं, बाबा. तरी शाळेतून आले की मी आधी तेच उघडते. ठिपका लागला की जेवण जातं, नाही लागला तर जात नाही. त्या दिवशी माझी बोटं आपोआप चालली. पाठवून झाल्यावर मी उत्तराची वाट पाहत बसले. मला माझीच भीती वाटली.

आणखी एक. पेणचे एक शिक्षक आहेत, त्यांची पत्नी वारली. माझ्या वडिलांनी त्यांना माझ्यासाठी म्हणून घरी बोलावलं होतं. माणूस शांत आहे. घाई नाही म्हणाले. मी बोलता बोलता घड्याळाकडे बघत होते, कारण तुमची फिल्म लावायची वेळ झाली होती. त्यांच्या ते ध्यानात आलं. चहा संपवून निघून गेले.

ती खूण काढा असं मला लिहवत नाही. राहू द्या असंही लिहवत नाही. आईंच्या मनाविरुद्ध काही करू नका.

आपली,
समृद्धी


॥ श्री ॥

नवीन पनवेल
१८ मार्च २००९

चि. समृद्धीस, दोघांचे अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र मी मोठ्यानं वाचलं. चंद्रावती जवळ्याची सुकट निवडत होती. वाचून झालं तशी उठली, हात धुतले, पदराला पुसले आणि कॉम्प्युटरसमोर येऊन बसली. कंची खूण, म्हणाली. मी दाखवली. काढायला मी पुढे झालो तर मला सरकवलं. तिनं माउस कधी हातात धरलेला नाही, बाण इकडे तिकडे पळत होता. मी सांगत गेलो, पण हात लावू दिला नाही. शेवटी तिनंच खूण काढली. मग म्हणाली, पोरीला अजून किती रडवायची? एवढं बोलली आणि तिथेच डोकं टेकवून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभा होतो. मला तेवढंच सुचलं.

तेव्हा आता त्याचं नाव तुझ्याकडे उजळणार नाही. पहिले काही दिवस तुला फार जड जाईल. माझा विचार करून जेव.

तुझ्या वडिलांशी काल फोनवर बोललो. येत्या रविवारी आम्ही दोघं रोह्याला येतोय. पेणच्या गृहस्थांना पुन्हा बोलवायला सांगितलंय. तुझ्या बाजूनं बसायला आम्हीही हवेत, असं चंद्रावतीचं म्हणणं आहे. नकार द्यायचा तर तुझ्या मनानं दे, भावेशकडे बघून देऊ नकोस.

राहिलं फिल्मचं. मशीन बंद करून चालू केलं आणि ती लावली. कुठेही न अडकता चालली. हळद, वरात, पंगत, सगळं. शेवटी घरच्यांचा फोटो काढतात ते आहे बघ, ज्या फोटोत चंद्रावती नाही. ती मागे स्वयंपाक्यांच्या पाठीशी होती, फोटोसाठी आलीच नाही, आणि आपल्याला कोणी बोलावलं नाही असं तिच्या मनात राहून गेलं होतं. सीडी आम्ही शेवटपर्यंत बघायच्या आधीच तडकली, आणि कॉम्प्युटरवर फिल्म त्या जागेपर्यंत कधी पोचलीच नव्हती. फोटोवाला सगळ्यांना सरका, सरका म्हणतोय, तू मुंडावळ्या सावरतेयस, आणि भावेश रांगेतून बाहेर येऊन मांडवाच्या मागच्या बाजूला तोंड करून हाका मारतोय, आय, ये ना, तू नाय तं फोटू नाय. एकदा नाही, दोनदा. वाजंत्रीत तेव्हा कोणाला ऐकूच गेलं नसणार.

चंद्रावतीनं बसल्या जागेवरून त्याला ओ दिली.

रविवारी भेटू. आमच्यावरचा जीव कमी करू नकोस.

तुझे,
बाबा