तिसऱ्या वेळी कोंडा

४ फेब्रुवारी

ती. पंडितदादास,
बुरशीबाईचा वाकून नमस्कार, वि. वि.

फोनवर तू नुसता हं हं करतोस आणि मागून वह्या तपासल्याचा आवाज येतो, म्हणून पत्र. वहिनीला सांग, तिने विणलेली टोपी मी थंड खोलीत रोज घालते. सगळे हसतात, पण कान माझेच गरम असतात.

मुद्दा असा, की अप्पांची बुरशी बसली. मेलेली नाही. उलट छान वाढते, गुबगुबीत होते, फक्त काम करत नाही. तुला आठवत नसेलच, म्हणून सांगते. नव्या सुती कापडावरची लव खाऊन ते गुळगुळीत करणारं एंझाइम आमचा कारखाना बनवतो. ते प्रत्यक्षात बनवते ती अप्पांनी जिन्याखालच्या कुजक्या पोत्यावरून उचललेली बुरशी. दोन वर्षं एंझाइम घटत गेलं, आता पूर्वीच्या पाव हिश्श्यावर आलंय. नवे साहेब सभ्य आहेत. त्यांनी शांतपणे सांगितलं, की एप्रिलअखेरपर्यंत ती ताळ्यावर आली नाही तर बाहेरून तयार बुरशी घ्यायची आणि हिला वाफेच्या भांड्यात घालून निकालात काढायची.

तिचे जनुक वाचून घेतले. एंझाइमचा जनुक शाबूत आहे. मोडलाय तो दुसराच, त्याला हाक मारून उठवणारा. साखर समोर असली की ही बुरशी मुळात एंझाइम बनवतच नाही. आयतं मिळत असताना कोण राबेल? साखर संपून नुसता कोंडा उरला, की हा दुसरा हाक देतो आणि पहिला कामाला लागतो. आमच्याकडे ती हाकच बंद पडली आहे.

अप्पांच्या वाळूच्या नळ्या तुझ्याकडे आहेत ना? कोरड्या वाळूत बीजाणू झोपवून ठेवलेल्या, तपकिरी खोक्यातल्या बारा? अप्पा निवृत्त झाल्यावर फ्रीझर आला तेव्हा कारखान्याने त्या भंगारात काढल्या आणि अप्पा घरी घेऊन आले. फ्रीझरमधल्या सगळ्या माझ्या काळातल्या, म्हणजे मोडक्याच. खोकं जपून पाठव.

लोभ आहे तो कोरड्या जागी ठेव.

तुझी,
बुरशीबाई


११ फेब्रुवारी

चि. बुरशीबाईस,
पंडिताचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मला आठवत नसेल असं तू गृहीतच धरलंस. बाई, ज्या घरात थोरल्या मुलाला ताप आला तर आई बसायची आणि बुरशीला थंडी वाजली तर वडील बसायचे, त्या घरात मी वाढलो. हिवाळ्यात अप्पा नळ्या बंडीच्या आतल्या खिशात घालून घरी आणत. आपण बिलगायला गेलो की छातीशी काच लागायची. हळू, पोरं आहेत, म्हणायचे. ती पोरं म्हणजे आपण नव्हे हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

अप्पांच्या हाताला कोंड्याचा वास यायचा, आठवतं? भिजलेल्या, किंचित आंबट कोंड्याचा. परवा एका दुकानाच्या दारात तसलं पोतं फुटलं होतं. मी निष्कारण दहा मिनिटं उभा राहिलो. दुकानदाराने काय हवंय विचारलं. वडील, असं सांगता येत नाही, म्हणून काड्यापेटी घेतली.

माझ्या पाठांतराच्या बक्षिसाचा दिवसही आठवतो. दीड तास मी न अडखळता म्हणत होतो आणि पहिल्या रांगेत बसलेले अप्पा भिंतीवरचं घड्याळ बघत होते. तस्मात् तुझ्या बुरशीशी माझं नातं सवतीच्या मुलाचं आहे, हे ध्यानात घे.

पण एक सांग. अप्पांच्या हाती ती सव्वीस वर्षं राबली. तुझ्या हाती आल्यावर एवढी लाडावली कशाने?

खोकं शोधतो. वहिनीने टोपीचा निरोप ऐकून आणखी एक सुरू केली आहे. सावध राहा.

लोभ वाढत्या प्रमाणात असू दे. सगळीच घट बरी नव्हे.

तुझा,
दादा


१७ फेब्रुवारी

ती. दादास सा. न.

तू नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवतोस. शाळेतली पोरं तुला का घाबरतात ते समजलं.

अप्पांचा एक नेम होता. जुन्या प्लेटवरची बुरशी दर महिन्याला नव्या प्लेटवर पेरायची. दोनदा साखरेवर आणि तिसऱ्या वेळी कोंड्यावर. साखरेवर ती तीन दिवसांत गाद्यागिरद्या पसरते. कोंड्यावर नऊ दिवस लागतात आणि वाढही दरिद्री दिसते. मी नवी पदवी घेऊन आले होते. मला तो म्हाताऱ्याचा हट्ट वाटला. अप्पा निवृत्त झाले त्याच महिन्यात मी कोंडा बंद केला.

आता कळतंय. साखरेवर राबणारी आणि आळशी दोघीही जगतात. आळशी जरा जास्तच फोफावते, कारण तिला उठायची तयारीच ठेवायची नसते. कोंड्यावर मात्र जी उठेल तीच जेवेल. अप्पा दर तिसऱ्या वेळी परीक्षा घेत होते. मी इतकी वर्षं सगळ्यांना ढकलपास केलं.

आणि आणखी एक, जे कुणालाच सांगितलेलं नाही. अप्पा दर रविवारी फोन करून विचारायचे, कोंडा घातलास का. मी दर रविवारी हो म्हणायचे. शेवटच्या रविवारीसुद्धा.

दादा, खोकं सापडलं का? तू दुसऱ्या पानावर विषय बदललास, ते माझ्या लक्षात आलंय.

तुझी,
बहीण


२२ फेब्रुवारी

चि. बहिणीस अनेक आशीर्वाद.

खोकं शोधावं लागलंच नाही. त्यातली वाळू कुठे आहे हे मला तुझं पहिलं पत्र वाचतानाच ठाऊक होतं, आणि ते पत्र मी तिच्याच शेजारी ठेवून वाचलं. माझ्या टेबलावर पेनं ठेवायचा काचेचा पेला आहे. तो सारखा कलंडायचा. अप्पा गेल्यावर महिन्याभराने मी बाराही नळ्यांची बुचं काढली आणि वाळू त्यात ओतली. नळ्या शाळेच्या प्रयोगशाळेला दिल्या. त्या केव्हाच फुटल्या असतील, शाळा आमचीच आहे.

अजाणता केलं असं लिहिणार होतो. तसा एक मसुदा तयारही आहे, भाषा उत्तम आहे. पण तू रविवारचं लिहिल्यावर तो पाठवायची लाज वाटली. वाळूत काय आहे ते मला ठाऊक होतं. शेवटच्या आठवड्यात अप्पा मला रोज एकच विचारायचे, वाळू कोरडी आहे ना. माझ्या शाळेचं, गुडघ्याचं, कशाचंच नाही. ओतताना मी त्या वाळूला म्हणालो, "इतकी वर्षं बापाला धरून ठेवलंस, आता माझी पेनं धर."

तिने नऊ वर्षं धरली. तक्रारीला जागा नाही.

पेला वाळूसकट पाठवतो आहे. वर फडकं बांधलंय. आत नऊ वर्षांची धूळ, पेन्सिलींची सालं आणि नापासांच्या लाल शाईचे थेंब आहेत. काही जगलं असेल असं मला वाटत नाही. पण वाळू कोरडी आहे. टेबल पुसताना पेला मी नेहमी स्वतः उचलायचो, वहिनीला हात लावू द्यायचो नाही. का, ते मला विचारू नकोस.

राग शमल्यावर लोभ असावा. घाई नाही.

तुझा,
दादा


१६ एप्रिल

ती. दादास सा. न.

मी रागावले होते. चार दिवस. मग आठवलं, की तू वाळू ओतलीस, पण बुरशीला लाडावून ठेवलं ते मी. आपण दोघं मिळून अप्पांची मुलं शोभतो.

तुझी वाळू म्हणजे धर्मशाळा निघाली. साखरेवर पेरली तर नाना जातीचा केर उगवला. मग अप्पांच्या पद्धतीने गेले. प्लेटमध्ये साखर नाहीच, फक्त कापसाच्या तंतूंची पांढरी पूड. जी ती खाऊ शकेल तिच्याभोवती पांढरं विरघळून स्वच्छ वर्तुळ पडतं. पहिल्या दहा प्लेटवर काही नाही. नवव्या दिवशी अकराव्या प्लेटच्या कडेला एक बारीक ठिपका आला आणि त्याच्याभोवती ठिपक्याहून कितीतरी मोठं वर्तुळ. मी प्लेट उलटी केली. पाठ पिवळीधमक. अप्पा तसंच बघायचे, खिडकीशी नेऊन, आणि म्हणायचे, हीच ती.

जनुक वाचले. हाक देणारा जनुक शाबूत आहे. परवा लहान टाकीत जुन्याइतकं एंझाइम आलं. साहेब आकडे बघून म्हणाले, राहू दे हिला. एवढंच म्हणाले, पण वाफेच्या भांड्याचा विषय संपला.

आता तुझ्यासाठी. खात्री करायला मी अप्पांची पेरणीची नोंदवही पहिल्या पानापासून वाचली. सव्वीस वर्षं दर महिन्याच्या ठरल्या तारखेला पेरणी. तापात, आईच्या आजारपणात, संपाच्या काळात गेटवरून आत जाऊनसुद्धा. एकच पेरणी एक दिवस उशिरा आहे. शेरा त्यांच्याच अक्षरात: "काल आलो नाही. मोठ्याचं पाठांतर होतं."

घड्याळ बघत असतील. पण उठले नाहीत.

सोबत वाळूची नवी नळी आहे, बुचाला मेण लावलंय. एक प्रत कारखान्याबाहेर असावी, हा अप्पांचा दुसरा नेम. सांभाळणारा तूच.

तुझी,
बुरशीबाई


२५ एप्रिल

चि. बुरशीबाईस,

तो शेरा वाचला. आता पुढच्या विषयाकडे वळतो.

नळी पोचली. बंडी मी घालत नाही, म्हणून शर्टाच्या खिशात ठेवून बघितली. वहिनीने विचारलं, काच कसली लागतेय. हळू, म्हटलं. आता ती कपाटात कोरड्या जागी आहे. पेला रिकामाच परत आला, तो पुन्हा कलंडतो. पेनं टेबलभर लोळतात. लोळू देत, त्यांनाही जरा कोंड्यावरचे दिवस कळू देत.

यापुढे दर रविवारी सकाळी मी फोन करीन. वह्या तपासणार नाही. एकच प्रश्न विचारीन, कोणता ते तुला माहीत आहे. या वेळी खरं उत्तर दे.

तुझा,
दादा