दोरीवरचे परकर

१८ जुलै
माहेरघर म्हणे! आरोग्य केंद्राच्या मागे दोन खोल्या, पाच खाटा. पूर आला की आमच्या गावातून गाडी निघत नाही, म्हणून दिवस भरत आलेल्या बायांना आधीच इथे आणून ठेवतात. प्रत्येकीसोबत माय नाहीतर सासू. माझी माय कधीच गेली. सासू धान लावायला, रोवणीत. नवरा, रोशन, म्हणाला, "धानाच्या चार बांध्या राह्यल्या, मंग येतो." शेताचे तुकडेच ते, पळून जाणार होते काय!

२० जुलै
परवापासून परकर ओला होतो. शी! लहान पोरासारखं. कोणी उठायच्या आत धुऊन टाकते.

२१ जुलै
सोनोग्राफी झाली. बाळाभोवतीचं पाणी कमी आहे. सिस्टर म्हणाली, भरपूर पाणी पी, डाव्या कुशीवर झोप, बाळ किती हलतं ते मोज. "अजून काही त्रास?" — नाही म्हटलं. शेजारच्या खाटेवरची दिव्यानी आणि तिची माय कलाबाई, दोघी ऐकत होत्या. लघवी थांबत नाही, हे त्यांच्यासमोर कसं सांगू?

२३ जुलै
प्यावं तर गळतं. आजपासून दोनच पेले.
कलाबाई दिव्यानीचे पाय चेपते. मी भिंतीकडे तोंड करून पडते. फार एकटं वाटतं. रोशनचा फोन लागत नाही.

२४ जुलै
बाळ कमी हलतंय. झोपलं असेल.

२५ जुलै
सकाळी कलाबाईनं दोरीकडे बघून सगळ्यांसमोर विचारलं, "काऊन वं पुनम, रोज तीन-तीन परकर धुवून राह्यली?" मेल्याहून मेल्यासारखं झालं. सवय आहे, म्हटलं. तिनं माझ्या हातातला ओला परकर ओढला आणि हुंगला!
"हे मूत नाई वं. पोराचं पाणी जाऊन राह्यलं. कधीपासून?"
आठवा दिवस.
सिस्टर रागावली नाही, त्याचीच जास्त भीती वाटली. गाडी बोलावली. "सोबत कोण?" कलाबाईनं माझी पिशवी उचलली. "माह्या दिव्यानीले अजून तीन हप्ते हायेत. मी जातो इच्यासंग." दिव्यानीनं भिंतीकडे तोंड केलं.

२७ जुलै, गडचिरोली
परवाच ऑपरेशन झालं. मुलगी! एक किलो नऊशे. काचेच्या पेटीत आहे. डॉक्टर म्हणाल्या, अजून एक-दोन दिवस उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. दोन पेले पाणी... माझंच डोकं फोडून घ्यावंसं वाटलं.
कलाबाई खाटेपासून हलली नाही. मी तिला माय म्हणून हाक मारली. तिनं ओ दिली.

२८ जुलै
सिस्टरचा फोन आला. दिव्यानी काल दुपारीच बाळंत झाली. मुलगा, दोघंही बरी आहेत. जवळ घरचं कोणी नव्हतं. शेवटपर्यंत "माय, माय" करत होती म्हणे.